गोल्डी आणि लिंडाउअर यांची माओरी ज्येष्ठांची व्यक्तिचित्रे: अभ्यासासाठी प्रत करावी का?

रेषाटन (प्रश्न)

नमस्कार. मी तैलरंगात व्यक्तिचित्रे करते. माझे शिक्षण कलाशाळेतले नाही. जुन्या चित्रकारांच्या कामाच्या प्रती करत करतच मी जे काही शिकायचे ते शिकले. मागच्या महिन्यात ऑकलंडला जाण्याचा योग आला आणि तिथल्या कलादालनात, ज्याचे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, नाव 'तोई ओ तामाकी' असे आहे, मी दोन दिवस जवळजवळ एकाच विषयापुढे उभी राहून घालवले. गॉटफ्रीड लिंडाउअर आणि चार्ल्स फ्रेडरिक गोल्डी या दोन चित्रकारांनी रंगवलेली माओरी ज्येष्ठांची व्यक्तिचित्रे, हा तो विषय.

पहिल्या दिवशी मी केवळ कौशल्य पाहत होते. चेहऱ्यावरच्या गोंदणाच्या, म्हणजे 'मोको'च्या, रेषा त्वचेवर काढलेल्या नसून त्वचेत कोरलेल्या आहेत हे केवळ रंगाने दाखवणे किती अवघड असेल, याचाच विचार डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी मात्र एक फरक खटकू लागला. लिंडाउअरची माणसे ताठ उभी असतात, अंगावरचा झगा आणि हातातले शस्त्र मिरवतात आणि बहुतेक वेळा आपल्याकडे रोखून पाहतात. गोल्डीची माणसे थकलेली वाटतात. त्यांची मान किंचित कललेली असते, पापण्या जड असतात आणि नजर कुठेतरी आत किंवा मागे वळलेली असते. तंत्राच्या दृष्टीने मला गोल्डी अधिक थोर वाटला, पण त्याच्या चित्रांपुढून निघताना मन उदास झाले, आणि ती उदासी त्या वृद्धांची होती की चित्रकाराने त्यांच्यावर घातलेली होती, हे मला सांगता येईना.

माझा पहिला प्रश्न असा की, हा फरक केवळ दोन चित्रकारांच्या स्वभावाचा आहे, की त्यामागे त्या काळाची काही समजूत आहे? दुसरा प्रश्न अधिक व्यवहाराचा आहे. गोल्डीच्या एखाद्या चित्राची अभ्यासासाठी प्रत करावी आणि तिच्यातला मोको घेऊन पुढे माझ्या कल्पनेतील एका वृद्धाचे स्वतंत्र चित्र करावे, असा विचार मी केला होता. दालनातून बाहेर पडल्यावर मात्र हात अडखळला आहे. कायद्याने अडचण नसावी असे वाटते; तरीही हे योग्य आहे का, हे जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

जुनेपान

आपल्याला जाणवलेला फरक खरा आहे, आणि त्याचे मूळ दोघांच्या स्वभावाइतकेच त्यांच्या काळात आणि त्यांना काम देणाऱ्यांमध्ये आहे.

लिंडाउअर हा बोहेमियातील प्ल्झेन या गावचा. त्याचा जन्म १८३९ चा, शिक्षण व्हिएन्नाच्या कला अकादमीतले. १८७४ साली तो न्यूझीलंडला उतरला, तेव्हा सरकार आणि माओरी जमाती यांच्यातील १८६० च्या दशकातील युद्धे नुकतीच संपली होती. वाइकाटो या माओरी प्रदेशावरील स्वारीनंतर सरकारने तिथली सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली होती आणि माओरी राजा ताफियाओ आपल्या लोकांसह दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात निघून गेला होता. तरीही ज्यांनी ही युद्धे लढली, ज्यांनी ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यातील १८४० चा वाइतांगीचा करार पाहिला, असे कितीतरी सरदार त्या वेळी हयात होते आणि आपापल्या भागात त्यांचा शब्द चालत होता. लिंडाउअरला काम देणाऱ्यांत ऑकलंडचा तंबाखूचा व्यापारी हेन्री पार्ट्रिज हा प्रमुख होता. त्याने अशी चित्रे वर्षानुवर्षे करून घेतली आणि पुढे क्वीन स्ट्रीटवरील आपल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती लोकांना पाहण्यासाठी मांडली. परंतु एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. स्वतः माओरी कुटुंबेही लिंडाउअरकडून चित्रे करून घेत असत, आणि अशा चित्रांत माणूस पुष्कळदा युरोपीय कोट आणि जाकीट घालून बसलेला दिसतो. झगा, पिसे आणि शस्त्र यांची आवड पाकेहा, म्हणजे युरोपीय वंशाच्या, ग्राहकाला अधिक होती. स्वतःच्या घरात लावायचे चित्र माओरी माणूस आपल्या पसंतीच्या वेशात करून घेई.

गोल्डीची गोष्ट पुढच्या पिढीची आहे. तो ऑकलंडमध्येच १८७० साली जन्मला, वडील लाकडाचे मोठे व्यापारी आणि पुढे शहराचे महापौर. १८९३ पासून काही वर्षे तो पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँमध्ये शिकला आणि १८९८ मध्ये परतला. त्या वेळी न्यूझीलंडच्या पाकेहा समाजात एक समजूत इतकी पक्की होती की तिच्यावर वाद घालण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती, ती अशी की माओरी वंश संपत चालला आहे. १८९६ च्या जनगणनेत माओरींची संख्या जेमतेम ४२,००० च्या आसपास भरली होती. रोगराई, युद्ध आणि जमिनीचे हरण यांचा तो परिणाम होता, पण तो निसर्गाचा नियम असल्यासारखा बोलला जाई. गोल्डीने ही समजूत आपल्या चित्रांच्या शीर्षकांत उतरवली. 'एका उदात्त वंशाचा उदात्त अवशेष' अशा अर्थाचे शीर्षक त्याने दिले, 'आठवणी' आणि 'तंद्री' हे तर त्याचे नेहमीचे शब्द होते. जी उदासी आपल्याला जाणवली, तिचा मोठा भाग याच शीर्षकांतून आणि याच समजुतीतून आलेला आहे, असे माझे मत आहे.

आणि ज्यांना तो 'अवशेष' म्हणत होता ती माणसे कोण होती हे पाहिले, म्हणजे या शब्दाचा अन्याय कळतो. पातारा ते तुही याचेच उदाहरण घ्यावे. हा पहिला माओरी राजा पोतातौ ते फेरोफेरो याचा पुतण्या आणि 'ते होकिओई' या माओरी वृत्तपत्राचा संपादक. ज्या छापखान्यावर ते निघे, तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाने भेट दिलेला होता. वाइकाटोकडील दोन माओरी पुरुष १८५९ साली 'नोव्हारा' या जहाजाने व्हिएन्नाला गेले, तिथल्या शाही छापखान्यात मुद्रणकला शिकले आणि छपाईयंत्र घेऊन परतले. (त्याच सुमारास तरुण लिंडाउअर त्याच शहरात चित्रकला शिकत होता, या योगायोगाचा मला फार अचंबा वाटतो.) पुढे १८८४ साली जमिनीची दाद मागण्यासाठी राजा ताफियाओ लंडनला गेला, तेव्हा पातारा त्याच्या सोबत होता. हा संपादक आणि राजदूत गोल्डीच्या कॅनव्हासवर आला तो एक विचारमग्न म्हातारा म्हणून. त्या चेहऱ्यावरचा विचार कशाचा असेल, हे चित्राखालची पट्टी सांगत नाही.

याहून वाईट उदाहरण १९०५ चे आहे. ते आहो ते रांगी फारेपू हा न्गाती माहुता जमातीचा पुरुष. १८६३ च्या रांगिरिरीच्या लढाईत तो लढला आणि जखमी झाला. गोल्डीने त्याला गोल टोपी आणि कोट चढवून हसताना रंगवले आणि चित्राला मोडक्या इंग्रजीची नक्कल करणारे, 'अगदी पाकेहासारखाच' अशा अर्थाचे शीर्षक दिले. चित्र अतिशय लोकप्रिय झाले. ज्या राज्यसत्तेविरुद्ध हा माणूस खंदकात उभा राहिला होता, तिच्याच नागरिकांना त्याच्या अंगावरच्या कोटाचे हसू यावे, यात मला आजही वेदना होते.

ज्या वर्षांत गोल्डी हे 'अवशेष' रंगवत होता, त्याच वर्षांत आपिराना न्गाता, माउइ पोमारे आणि ते रांगी हीरोआ हे तरुण, शिकलेले माओरी नेते आरोग्य, शेती आणि जमीन या प्रश्नांवर गावोगाव काम करत होते, आणि माओरींची संख्या विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुन्हा वाढू लागली होती. २०२३ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ८७ हजार लोकांनी स्वतःला माओरी म्हणून नोंदवले. संपणारा वंश रंगवला जात होता, तो मुळात संपतच नव्हता.

तैलगंध

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु गोल्डीला केवळ त्याच्या शीर्षकांवरून तोलणे मला पटत नाही. मी स्वतः चित्रकार असल्यामुळे चित्र कसे घडले या बाजूने काही सांगावेसे वाटते.

लिंडाउअर बहुधा छायाचित्रावरून काम करी. फॉय बंधू, एलिझाबेथ पुल्मन, सॅम्युएल कार्नेल अशा छायाचित्रकारांनी काढलेल्या छबी तो वापरत असे, त्या कॅनव्हासवर प्रक्षेपित करून पेन्सिलीने बाह्यरेषा उतरवून घेत असे आणि मग रंगाचे पातळ थर देत असे. अवरक्त किरणांखाली पाहिल्यावर त्या पेन्सिलीच्या रेषा अजून दिसतात. त्याची माणसे ताठ आणि समोर पाहणारी का आहेत, याचे एक साधे कारण हेही आहे की, ती माणसे छायाचित्रकाराच्या भिंगासमोर तशीच बसली होती. त्या काळी भिंगासमोर बराच वेळ निश्चल राहावे लागे आणि माणूस आपली उत्तम ठेवण घेऊनच तिथे बसे.

इथे मोकोचा एक विलक्षण प्रश्न होता. त्या वेळच्या ओल्या काचेवरच्या कलोडियन पद्धतीला निळा रंग जवळजवळ पांढऱ्यासारखा दिसतो. मोकोच्या शाईला त्वचेखाली निळसर-हिरवट छटा येते, त्यामुळे कितीतरी छायाचित्रांत चेहऱ्यावरचे गोंदण पुसट होऊन जाई किंवा पार नाहीसेच होई, आणि छायाचित्रकार ते मागाहून हाताने गिरवत. म्हणजे यंत्राने जे गमावले ते परत आणण्याचे काम ब्रशकडे आले. व्यक्तिचित्राला छायाचित्राने निरुपयोगी केले असे आपण सर्रास म्हणतो. इथे मात्र नेमके उलट घडले.

गोल्डीची पद्धत निराळी होती. छायाचित्रे तोही वापरत असे, पण त्याच्या आरंभीच्या आणि सर्वोत्तम कामामागे प्रत्यक्ष बैठका आहेत. ऑकलंडच्या मेकॅनिक्स बे भागात माओरी पाहुण्यांसाठी एक वसतिगृह होते. तिथे राहणारी न्गापुही जमातीची इना ते पापाताही त्याच्या स्टुडिओत वारंवार आली, आणि तिच्याच ओळखीने इतरही ज्येष्ठ त्याच्यापुढे बसले. तो त्यांना बसण्याचे पैसे देई. एखादे वृद्ध माणूस दिवसभर एका जागी बसले, की पापण्या जड होतात, मान कलते, नजर आत वळते. ती सगळी उदासी वंश संपण्याच्या समजुतीतून आली असे म्हणताना दुपारच्या बैठकीचा हा थकवाही हिशेबात धरला पाहिजे. मी स्वतः वृद्धांना बसवून रंगवले आहे, म्हणून हे इतक्या खात्रीने लिहितो.

मोको रंगवण्यात गोल्डीला तोड नाही. पुरुषांच्या चेहऱ्यावरचा जुना मोको सुईने टोचलेला नसे. अल्बाट्रॉस पक्ष्याच्या हाडाची छिन्नी, जिला 'उही' म्हणतात, हातोडीने हलके ठोकत त्वचेत खाच पाडली जाई आणि तिच्यात काजळी भरली जाई. त्यामुळे चेहऱ्यावर अक्षरशः चर उमटत. गोल्डीने प्रत्येक चराची एक कड उजळ आणि एक कड गडद ठेवून ही खोली दाखवली आहे, आणि त्याच वेळी वयाच्या सुरकुत्या त्या चरांना कशा आडव्या छेदतात, कुठे त्यांना वाकवतात, हेही सोडलेले नाही. इतके बारकाईने पाहणारा माणूस आपल्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल बेपर्वा होता, असे मला म्हणता येत नाही. पांढऱ्या शिशाच्या रंगाचा ब्रश ओठांनी टोकदार करण्याच्या सवयीने त्याला शिसाची बाधा झाली, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. स्टुडिओत त्याने झगे, अलंकार आणि कोरीव वस्तू यांचा साठा ठेवला होता, आणि त्याच त्या वस्तू वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर दिसतात. १९२० नंतर जवळजवळ दहा वर्षे त्याचे काम थांबल्यासारखे होते, आणि १९३० च्या सुमारास त्याने पुन्हा सुरुवात केली तेव्हाची बरीच चित्रे जुन्या अभ्यासचित्रांवरून आणि छायाचित्रांवरून केलेली आहेत. तिथे चेहरे मला थोडे मेणाचे वाटतात. प्रत करायचीच असेल, तर १९०० ते १९१० या दशकातील चित्र निवडावे, असा माझा सल्ला राहील.

दक्षिणकिनारा

मी गेली सतरा वर्षे ऑकलंडमध्ये राहते. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, पण इथे राहून या चित्रांबद्दल जे शिकले ते सांगते, कारण आतापर्यंतच्या प्रतिसादांत चित्रकार आणि गिऱ्हाईक यांच्याबद्दल पुष्कळ आले असले, तरी ज्यांचे हे पूर्वज आहेत ते त्यांच्याकडे कसे पाहतात, हे राहून गेले आहे.

काही वर्षांपूर्वी मी याच दालनात असताना एक माओरी कुटुंब आले. आजी, तिच्या दोन मुली आणि तीन-चार नातवंडे. एका चित्रापुढे ते थांबले, आजीने अगदी हलक्या आवाजात लांबलचक स्वर लावून चित्राला उद्देशून काही म्हटले, मग मुलांना पुढे घेऊन एकेकाचे नाव चित्रातल्या माणसाला सांगितले. चित्राची ओळख मुलांना करून देणे मी पुष्कळदा पाहिले होते. मुलांची ओळख चित्राला करून देणे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. तिथे चित्रकाराचे नाव कोणी वाचले नाही.

माओरी मनाला हे चित्र म्हणजे 'तुपुना', म्हणजे पूर्वज, आणि 'ताओंगा', म्हणजे पिढ्यांकडून आलेला ठेवा. 'फारेनुई', म्हणजे माराएवरचे (जमातीच्या सामुदायिक आवारातले) सभागृह, हेच मुळी एखाद्या पूर्वजाचे शरीर मानले जाते, आणि त्याच्या भिंतींवर दिवंगतांच्या छबी असतात. त्यांच्या ओळीत जिवंत माणसाची छबी लावत नाहीत. 'तांगिहांगा', म्हणजे मृत्यूनंतरचे काही दिवसांचे विधी, चालू असताना आधी गेलेल्यांची चित्रे मृताच्या शेजारी मांडली जातात, आणि येणारे पाहुणे त्यांना उद्देशून बोलतात, रडतात. (इथे 'फ' वाचून कोणी गोंधळू नये, माओरी लिपीत ज्या दोन रोमन अक्षरांनी हा ध्वनी लिहितात ती आपल्याला 'व्ह' वाटतात, पण उच्चार 'फ'च्या जवळचा आहे.)

त्यामुळे गोल्डीने शीर्षकात काय लिहिले, याचा राग असूनही वंशज त्याची चित्रे टाकून देत नाहीत, हे समजून घ्यावे. जुनेपान यांचे म्हणणे मला पटते, त्या शीर्षकांत अपमान आहे; पण मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्या दृष्टीने शीर्षक चित्रकाराचे असते आणि चेहरा त्यांचा असतो. पार्ट्रिजच्या दुकानावरच्या दालनात पाहुण्यांसाठी वह्या ठेवलेल्या असत आणि माओरी पाहुण्यांनी त्यांत आपल्या भाषेत अभिप्राय लिहून ठेवले आहेत. म्हणजे ही चित्रे पाकेहा लोकांनी पाकेहा लोकांसाठी केली, असे म्हटले तर त्या पाहुण्यांना आपण पुन्हा एकदा दाराबाहेर ठेवतो. हाच संग्रह पार्ट्रिजने १९१५ मध्ये, बेल्जियमच्या युद्धपीडितांसाठी शहरवासीयांनी १०,००० पौंड गोळा करावेत या अटीवर, ऑकलंडला दिला. तुम्ही जी चित्रे पाहिलीत त्यांतली बरीच त्यातलीच असणार.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि इथे मी स्पष्ट बोलते, राग मानू नये. मोको हे नक्षीकाम नाही. तो त्या माणसाची 'फाकापापा', म्हणजे वंशावळ, त्याचे कर्तृत्व आणि त्याचा समाजातला मान चेहऱ्यावर लिहिलेला असतो, आणि तो त्याचा एकट्याचा असतो. करारांवर सही करताना काही सरदारांनी नावाऐवजी आपल्या मोकोचा काही भाग रेखाटला आहे. यावरून तो काय होता हे कळावे. तो उचलून तुमच्या कल्पनेतल्या चेहऱ्यावर ठेवणे म्हणजे कोणाची तरी सही दुसऱ्याच्या कागदावर उमटवणे. माओरी नसलेल्यांसाठी किंवा वंशावळीशी संबंध नसलेल्या रेखाटनासाठी 'किरितुही' असा वेगळा शब्द इथे वापरतात, तो हा फरक राखण्यासाठीच. तेव्हा कल्पनेतील वृद्धाचा बेत आपण सोडून द्यावा, असे मी मनापासून सांगते.

प्रत करण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. गोल्डी १९४७ साली वारला, लिंडाउअर १९२६ साली. इथल्या कायद्याने लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी हक्क संपतो, म्हणून कायद्याची आडकाठी नाही. 'तिकांगा', म्हणजे रीत आणि औचित्य, मात्र संपत नाही. माओरी रीतीत डोके 'तापू', म्हणजे पवित्र आणि अस्पर्श, असते आणि अन्न त्याच्या नेमके विरुद्ध बाजूला असते. म्हणून या चेहऱ्यांचे चहाचे कप किंवा भांडी पुसायची फडकी निघाली की लोक दुखावतात. तुमची प्रत स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर लावू नये. ती विकू नये, आणि आंतरजालावर टाकायचीच असेल तर चित्रातल्या व्यक्तीचे पूर्ण नाव आणि जमात लिहावी. विक्री किंवा छपाई मनात असेल तर आधी दालनाला विचारावे. अशा छबींच्या बाबतीत वंशजांचे मत घेण्याची वाट त्यांना ठाऊक असते.

अजून एक. मोको ही गेलेली गोष्ट आहे असे समजून ही चित्रे पाहू नयेत. पुरुषांच्या चेहऱ्यावरचा मोको एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडला हे खरे, पण स्त्रियांच्या हनुवटीवरचा 'मोको कावाए' विसाव्या शतकातही चालू राहिला, आणि गेल्या काही दशकांत दोन्ही पुन्हा उभे राहिले आहेत. नानाइया माहुता यांनी २०१६ मध्ये खासदार असताना मोको कावाए घेतला आणि पुढे त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. माझ्या बसमध्ये रोज सकाळी मोको कावाए असलेल्या दोन स्त्रिया असतात. त्यांतली एक परिचारिका आहे.

जुनेपान

दक्षिणकिनारा यांनी माझी एक चूक दाखवली आहे आणि ती मी मान्य करतो. शीर्षकांवरच्या रागात मी चित्रे पुन्हा गोल्डीच्याच हाती देत होतो. त्यातल्या माणसांनी बसणे स्वीकारले होते, मोबदला ठरवला होता, काहींनी ओळखीच्या इतर ज्येष्ठांना आणले होते. त्यांना आपली छबी मागे राहावी असे स्वतःलाही वाटत असेल, ही शक्यता मी विचारातच घेतली नव्हती. तैलगंध यांच्या थकव्याच्या मुद्द्यावर मात्र मी अडून राहतो. थकवा खरा असला, तरी दिवसभराच्या बैठकीतला कोणता क्षण कॅनव्हासवर ठेवायचा, ही निवड चित्रकाराची असते. पातारा ते तुही सकाळी ताजातवाना होऊन येत असणार. तो क्षणही उपलब्ध होता.

तैलगंध

हे मान्य. निवड त्याचीच होती.

रेषाटन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दक्षिणकिनारा, राग मानण्याचा प्रश्नच नाही. सहीचे उदाहरण वाचल्यावर तो बेत मी त्याच क्षणी सोडला. मोको 'घेऊन' पुढे चित्र करावे, असे मी लिहिले होते, तो शब्द आता मलाच वाचवत नाही.

बराच विचार करून असे ठरवले आहे की, गोल्डी तूर्त बाजूला ठेवावा. त्याच्या चरांवरचा छायाप्रकाश शिकायची ओढ आहे, पण त्या कललेल्या मानेची निवड माझ्या हाताने पुन्हा करायला नको वाटते. त्याऐवजी लिंडाउअरच्या एका चित्राची प्रत करीन. पाठीवर झग्यात गुंडाळलेले मूल, ते तिच्या खांद्यावरून डोकावते आहे, आणि ती तरुण आई शांतपणे समोर पाहते आहे. हे चित्र ज्येष्ठांचे नाही हे कळते, पण दोन दिवसांत मी सर्वांत जास्त वेळ याच्यापुढे उभी होते. प्रत विकणार नाही, आंतरजालावर टाकणारही नाही. ती माझ्या कामाच्या खोलीतच राहील आणि कॅनव्हासच्या मागे नाव लिहीन. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात तिचे नाव आना रुपेने असे दिले आहे. तेच लिहू ना?

दक्षिणकिनारा

ते नाव लिहू नये. हे चित्र फार वर्षे त्याच नावाने ओळखले गेले, आणि लिंडाउअरने या छबीच्या अनेक आवृत्त्या केल्यामुळे ते नाव सगळीकडे पसरलेही. पण ती ओळख चुकीची होती. दालनाने आता शीर्षक बदलले आहे आणि जुने नाव केवळ 'पूर्वी अशा नावाने ज्ञात' म्हणून ठेवले आहे. तिचे नाव हीनी हिरिनी. मूळ चित्र १८७८ चे आहे. मागे लिहिताना 'हीनी हिरिनी आणि मूल' असे लिहावे, आणि खाली आपण प्रत केल्याची तारीख घालावी.

रेषाटन

लिहिले. कॅनव्हास अजून कोरा आहे, पण मागे नाव आधी लिहून ठेवले.